इजिप्तच्या चित्रांत अपेप कुठला, हे ओळखायची पद्धत (आणि मेहेनला अपेप म्हणायची चूक कशी टाळायची)

इजिप्तहून आलेल्या लोकांचे थडग्यांमधले फोटो बघितले की एक चूक हमखास सापडते. भिंतीवर होडी असते, होडीत देव असतो, देवाच्या डोक्यावरून सापाचं वेटोळं गेलेलं असतं आणि खाली कॅप्शन असते, 'सूर्याला गिळायला आलेला अपोफिस'. तो साप अपोफिस नसतोच. तो मेहेन, सूर्यदेव रा याला अंधारातल्या प्रवासात विळख्यात घेऊन जपणारा. म्हणजे राखणदारालाच दरोडेखोर ठरवलं जातं, आणि खरा दरोडेखोर तिथून चार पावलांवर भिंतीवर आडवा पडलेला असतो त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. मीसुद्धा सुरुवातीला बरेच महिने हेच करत होते म्हणून ही पद्धत नीट लिहून काढतेय. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका क्रम मोडल्यानेच होतात, माणूस साप बघतो आणि थेट नाव ठेवून मोकळा होतो.

नावाचा घोळ आधीच मिटवून टाकू. रोज रात्री राची होडी अडवणारा शत्रू साप म्हणजे अपेप. अपेप आणि अपोफिस एकच, पहिलं इजिप्शियन, दुसरं ग्रीकांच्या तोंडी झालेलं. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत त्यामुळे आपेप, अपेपी, अपोप असं काहीही वाचायला मिळेल, त्यावरून वाद घालू नका.

## १. तयारी: फोटो पूर्ण हवा

सापाचा क्लोजअप घेऊन काही उपयोग नाही. सगळ्यात जास्त चुका अर्धवट फोटोमुळे होतात, कारण अपेप ओळखायची खूण त्याच्या अंगावर कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त असते. पूर्ण भिंत, किंवा निदान सापाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत आणि दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन माणसं दिसतील इतका फोटो हवा. मग झूम करून डोकं, मान, अंगावरचे मध्येमध्ये दिसणारे काटे (ते काटे नसतात, पुढे येतंच) आणि जवळची चित्रलिपी वेगळी बघायची.

थडग्याचा नंबर लिहून ठेवा. राजांच्या दरीतली थडगी केव्ही या अक्षरांनी ओळखतात, खासगी लोकांची टीटी. केव्ही ३४ म्हणजे तिसरा थुटमोस, केव्ही १७ म्हणजे पहिला सेती, केव्ही ९ म्हणजे सहावा रामेसिस. पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी) असेल तर म्युझियमचा नंबर. हे नसेल तर पुढच्या पायरीवर तुम्ही अडकणार.

आणि तयारीतली शेवटची गोष्ट, जी आपल्या लोकांना सगळ्यात जड जाते. शेषनाग, वृत्र, कालिया आणि राहू-केतू थोडा वेळ बाजूला ठेवा. तुलना शेवटी करा, हवी तितकी करा, पण ओळखायच्या आधी नको. पाणी अडवणारा वृत्र आणि पाणी पिऊन टाकणारा अपेप यांच्यात साम्य दिसतं खरं, पण वृत्राला इंद्र मारतो आणि गोष्ट संपते, अपेपला रोज रात्री मारावं लागतं आणि तो दुसऱ्या रात्री परत येतो. चित्रातला प्रत्येक तपशील या 'रोज'मुळे तसा आहे.

तपासा: पूर्ण फोटो आहे का, ठिकाणाचा नंबर आहे का, चित्राच्या वर-खाली कुठल्या ओळी आहेत ते दिसतंय का. यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर थांबा, दुसरा फोटो शोधा.

## २. चित्र कुठलं आहे ते आधी ठरवा

अपेप वाटेल तिथे दिसत नाही. त्याची पूजा होत नव्हती, त्याचं देऊळ नाही, नवसाची मूर्ती नाही. त्यामुळे राजाच्या मुकुटावर, देवळाच्या दारावर, धान्याच्या कोठारापाशी किंवा दागिन्यावर साप असेल तर तो अपेप नाही, इतकं इथेच पक्कं. कपाळावरचा फणा काढलेला नाग राजाचा रक्षक, वाजेत देवीशी जोडलेला. धान्याशी, पिकाशी असलेली नागीण रेनेनुतेत. थीब्सच्या डोंगराची नागीण मेरेतसेगेर, देर अल-मदिना या थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीतल्या कारागिरांची लाडकी.

अपेप भेटतो तो रात्रीच्या प्रवासाच्या ग्रंथांत. सूर्य मावळला की रा होडीतून बारा तासांचा प्रवास करतो आणि पहाटे वर येतो. हे बारा तास राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर रंगवलेले आहेत, त्यातले दोन ग्रंथ कामाचे: अमदुआत आणि 'दरवाजांचा ग्रंथ'. अमदुआत पूर्ण बघायचं तर केव्ही ३४, तिथे आकृत्या काडीकाडीच्या आहेत, काळ्या-लाल रेघांच्या, जणू प्रचंड पपायरस उलगडून भिंतीला लावलाय. दरवाजांच्या ग्रंथासाठी केव्ही ९, किंवा पहिल्या सेतीची दगडी शवपेटी, जी आता लंडनला सर जॉन सोन यांच्या म्युझियममध्ये आहे.

या भिंती साधारण तीन आडव्या पट्ट्यांत वाचायच्या असतात. मधल्या पट्ट्यात बहुतेक वेळा होडी, वर आणि खाली काठ. अमदुआतमध्ये अपेप सातव्या तासात येतो, मधल्या पट्ट्यात, होडीच्या पुढे. दरवाजांच्या ग्रंथात तो एकापेक्षा जास्त वेळा येतो, शेवटच्या तासांत तर त्याच्यावर जाळी धरलेले लोक आणि दोरखंड दिसतात, आणि जमिनीतून वर आलेला एक मोठा हात तो दोर घट्ट धरून असतो. तो हात एकदा बघितला की विसरता येत नाही.

सावधान: 'पिरॅमिडमधला अपेप' असं कोणी लिहिलं तर संशय घ्या. पिरॅमिडमधल्या जुन्या मंत्रांत सापांविरुद्ध भरपूर काही आहे पण अपेपचं नाव नाही. त्याचं नाव इ.स.पू. २१०० च्या आसपास दिसायला लागतं, मोआल्ला इथल्या आंखतिफी नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, आणि तिथेही 'अपेपचा वाळूचा बांध' असा उल्लेख, नदी आटण्याच्या संदर्भात.

## ३. नाग आहे की साप

मराठीत आपल्याकडे हे शब्द वेगळे आहेत याचा इथे फार फायदा होतो. फणा असला की नाग. अपेप सहसा बिनफण्याचा, लांबच्या लांब, अजगरासारखा, अंगाच्या वळ्यावर वळ्या पडलेल्या. फणा उभारून ऐटीत बसलेला नाग दिसला तर तो जवळपास नक्की रक्षक किंवा देवी.

पण ही पायरी फक्त गाळणी आहे. फणा नाही म्हणून अपेप, असं उलटं म्हणता येत नाही, कारण मेहेनलाही पुष्कळदा फणा नसतो आणि इथेच सगळे घसरतात. पाय, हात, पंख किंवा दोन-चार डोकी असलेले साप अमदुआतमध्ये पुष्कळ आहेत. चौथ्या तासात तर रेताड अंधारात पायांचे आणि पंखांचे साप नुसते वळवळतायत, पण ते त्या जागेचे रहिवासी आहेत. सहाव्या तासात पाच डोक्यांचा साप सूर्याच्या मृत देहाभोवती वेटोळं घालून असतो, दिसतो भयंकर, आणि करतो राखण.

## ४. साप होडीच्या संदर्भात कुठे आहे

आता होडी शोधा. मग एकच प्रश्न विचारा, साप देवाच्या बाजूने आहे की वाटेत आडवा आहे?

देवाच्या वर, भोवती, होडीच्या आत असेल तर मेहेन. सातव्या तासापासून होडीतली देवाची मंडपी जाते आणि तिच्या जागी मेहेनचं वेटोळं येतं, देव त्या वेटोळ्याच्या आडोशाला उभा. शेषशायी विष्णूच्या डोक्यावरचा फणा आठवत असेल तर आता आठवा, आता चालेल, कारण इजिप्तमध्ये शेषाच्या सगळ्यात जवळ जाणारा कोणी असेल तर हा मेहेन.

होडीच्या पुढे, होडीच्या बाहेर, आडवा पसरलेला असेल तर अपेपची शक्यता मोठी. सातव्या तासात मजकूर सांगतो की त्याने पाणीच पिऊन टाकलंय आणि तो वाळूच्या बांधावर पडलाय, ४४० हात लांब आणि ४४० हात रुंद बांध. इजिप्तचा हात साधारण साडेबावन्न सेंटिमीटरचा, म्हणजे बांध झाला २३० मीटर लांब, आणि गीझाच्या मोठ्या पिरॅमिडची एक बाजूही नेमकी ४४० हातांचीच. पाणी नाही म्हटल्यावर होडी चालणार कशी? ती चालते मंत्राने. होडीच्या नाळेवर इसिस देवी हात पुढे करून उभी असते, तिच्या सोबतीला 'थोरला जादूगार', आणि दोघांच्या मंत्राच्या जोरावर होडी पुढे सरकते. नाईलच्या माणसाला वाळूत रुतलेली होडी म्हणजे काय ते सांगायला लागत नव्हतं, म्हणून या शत्रूचं हत्यार विष नाही, आटलेलं पाणी आहे. हे मला या सगळ्या ग्रंथातलं सगळ्यात खरं वाटतं.

सावधान, ही चूक फार होते: अमदुआतच्या बाराव्या तासात होडी सापाच्या अंगातून ओढत नेताना दिसते. लोक लिहितात 'अपेपने सूर्य गिळला'. साफ चूक. तो हितकर साप आहे, देव आणि त्याची मंडळी त्याच्या शेपटीतून आत जातात आणि तोंडातून बाहेर येतात, म्हातारे जातात आणि तरुण होऊन येतात, आणि पलीकडे खेप्री, म्हणजे सकाळचा सूर्य, तयार असतो. दिशा बघा, शेपटीकडून तोंडाकडे. गिळणं उलट्या दिशेने होतं.

तसंच स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप. तुतनखामुनच्या सोन्याने मढवलेल्या दुसऱ्या देव्हाऱ्यावर एका ममीसारख्या आकृतीच्या डोक्याभोवती आणि पायांभोवती असे साप आहेत. तेही अपेप नाहीत.

## ५. सुऱ्या, दोर आणि लोक: सगळ्यात महत्त्वाची पायरी

इतर काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, हे लक्षात ठेवा. अपेपला इजिप्तच्या चित्रकारांनी जिंकताना दाखवलेलं नाही. तो दिसेल तेव्हा त्याच्या अंगात सुऱ्या घुसलेल्या असतील किंवा गळ्यात दोर असेल किंवा समोर कोणीतरी भाला, जाळं, सुरी घेऊन उभं असेल. निवांत बसलेला, मोकळा साप दिसला तर तो अपेप नाही.

कारण साधं आहे. त्यांच्या लेखी चित्र म्हणजे नुसतं चित्र नव्हतं, काढलं की ते खरं होणार. मग मोकळा अपेप भिंतीवर काढणार कोण, तेही राजाच्या थडग्यात, जिथे राजाला कायम राहायचंय? म्हणून त्याला काढतानाच जायबंदी करून काढायचं. लिपीतसुद्धा तेच, त्याच्या नावाशेजारच्या सापाच्या चिन्हातही पुष्कळदा सुऱ्या खुपसलेल्या सापडतात. म्हणजे लिहिणाऱ्याने नाव लिहितालिहिता त्याला भोसकलंय. पहिल्यांदा हे नीट बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या एका चिन्हावर झूम करून बसले होते, अर्धा सेंटिमीटरचा साप आणि त्याच्या पाठीत ओळीने सुऱ्या.

हेच ते 'काटे', पहिल्या पायरीत म्हटलेले. लांबून काटेरी पाठ वाटते. जवळून बघितलं की मूठ आणि पातं वेगळं दिसतं.

सातव्या तासाचं चित्र हातात घ्या आणि या क्रमाने बघा: सापाच्या डोक्यापाशी सेरकेत देवी, तिने गळ्यात दोर टाकलाय. शेपटीकडे 'सुऱ्यांचा मुख्य', तो शेपूट आवळून धरतोय. मध्ये अंगात सुऱ्या. पलीकडे हातात सुऱ्या घेतलेल्या चार देवी उभ्या, एक-एक शिक्षा वाटून घेतलेल्या. म्हणजे आधी बांधणं, मग कापणं. बांधल्याशिवाय कापत नाहीत.

तपासा: सुरी, दोर, जाळं, भाला यांपैकी एक तरी आहे का? नसेल तर 'अपेप' लिहू नका, नुसतं 'साप' लिहा. त्यात कमीपणा नाही.

## ६. मारणारा कोण आहे

होडीच्या नाळेवर भाला घेऊन उभा असलेला, लांब वाकडं तोंड आणि टोकाला चौकोनी कापल्यासारखे उभे कान असलेला देव म्हणजे सेथ. इथे दुसरी मोठी गल्लत होते. सेथने भावाला, ओसायरिसला, मारलं म्हणून लोक त्याला अपेपच्या टोळीत टाकतात. या चित्रात तो राच्या बाजूने आहे, आणि अपेपच्या नजरेने बाकीच्यांना भुरळ पडली तरी सेथ टिकून राहतो अशी त्याची ख्याती. कैरोच्या म्युझियममधल्या हेरूबेनच्या पपायरसमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं, एकविसाव्या राजवंशाचा काळ. पुढे सेथचं नाव खराब झालं, पुष्कळ ठिकाणी त्याच्या प्रतिमा खरवडल्या गेल्या, तरी खारगा ओअॅसिसमधल्या हिबिसच्या देवळात पंख असलेला सेथ सापाला भोसकताना अजून आहे. तेव्हा भाला मारणारा कोण हे डोक्यावरून ओळखा, कीर्तीवरून नको.

दुसरा मारेकरी मांजर. झाडाखाली बसलेला बोका, एका पंजात सुरी, दुसऱ्या पंजाने सापाचं डोकं दाबलेलं. हे 'मृतांच्या ग्रंथा'च्या (मेलेल्या माणसाला परलोकात उपयोगी पडणाऱ्या मंत्रांचा संग्रह) १७ व्या प्रकरणाचं चित्र. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हुनेफरच्या पपायरसवर आहे, आणि देर अल-मदिनाला इनहेरखाऊच्या थडग्यात (टीटी ३५९) आहे, तिथे बोक्याचे कान इतके लांब काढलेत की लोक ससा म्हणतात.

इथे जरा जपून. त्या प्रकरणातला मजकूर सांगतो की हेलिओपोलिस शहरात इशेद या पवित्र झाडापाशी या बोक्याने सर्वांच्या स्वामीच्या शत्रूंचा नाश केला. 'शत्रू' असं आहे. साप चित्रात आहे, आणि तो अपेप मानायची पद्धत अभ्यासकांत रुळलेली आहे, मलाही ती पटते, पण कॅप्शनमध्ये 'अपेप समजला जाणारा साप' लिहिणं जास्त प्रामाणिक.

## ७. नाव वाचा, पण नावावर विसंबू नका

चित्रलिपी येत नसली तरी दोन गोष्टी बघता येतात. एक, नावाशेजारी सुऱ्या खुपसलेला साप आहे का. दोन, नाव लंबगोल चौकटीत आहे का. चौकटीत असेल तर ते राजाचं नाव. इजिप्तवर राज्य केलेल्या हिक्सोस या परकी वंशात अपेपी नावाचा राजा होऊन गेला, ग्रीक त्यालाही अपोफिस म्हणाले, आणि इंटरनेटवर या दोघांची माहिती एकमेकांत कालवलेली सापडते. मूळ लिपीत दोन्ही नावांची अक्षरंसुद्धा सारखी नाहीत.

उलट अपेपचं चित्र असून अपेप नाव नसणं, हेही होतं. अमदुआतच्या सातव्या तासात त्याला 'भयंकर चेहऱ्याचा' अशा अर्थाचं नाव आहे. मृतांच्या ग्रंथाच्या १०८ व्या प्रकरणात बाखू डोंगरावरचा साप आहे, पुढचा भाग गारगोटीचा, नजरेने होडी थांबवणारा आणि सेथच्या हातून हरणारा, त्यालाही तिथे वेगळंच नाव. म्हणून ही पायरी सातवी ठेवलीय, पहिली नाही.

## ८. विधीशी ताडून बघा

अजून शंका असेल तर माझा नेहमीचा उपाय. ब्रिटिश म्युझियममध्ये ब्रेमनर-रिंड पपायरस आहे, नंबर ईए १०१८८, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटाचा. त्यात 'अपेपला पाडण्याचा ग्रंथ' आहे, कर्नाकला अमुन-राच्या देवळात रोज करायचा विधी. त्याचा क्रम असा: अपेपवर थुंकणे, डाव्या पायाने तुडवणे, भाला घेणे, बांधणे, सुरी घेणे, आग लावणे. मेणाचा साप करायचा, त्यावर हिरव्या शाईने त्याचं नाव घालायचं, कोऱ्या पपायरसवर त्याचं चित्र काढायचं आणि ते जाळायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि आकाशात वादळ उठलं, ढग दाटले की परत.

भिंतीवरच्या चित्रात या सहापैकी एखादी कृती सापडली की तुमचं ओळखणं भक्कम होतं. भाला, दोर, सुरी या तिन्ही सहज दिसतात. थुंकणं आणि तुडवणं चित्रात शोधत बसू नका, ते पुजाऱ्याने स्वतः करायचं.

सावधान: चित्रावर 'ग्रहण' असं लेबल लावू नका. राहूची सवय असल्यामुळे आपला हात तिकडे लगेच जातो, पण थडग्यातली ही चित्रं दर रात्रीची आहेत, एखाद्या दिवशीच्या घटनेची नाहीत.

## ९. कॅप्शन लिहिताना

ठिकाण, ग्रंथ, तास, पट्टा, कृती, आणि सगळ्यात शेवटी नाव. याच क्रमाने लिहिलं तर चूक असली तरी दुसऱ्याला दुरुस्त करता येते. उदाहरणार्थ: 'केव्ही ३४, तिसरा थुटमोस. अमदुआत, सातवा तास, मधला पट्टा. सेरकेतने गळ्यात दोर टाकलेला, अंगात सुऱ्या असलेला साप, अपेप. डावी-उजवीकडे होडीत देवाभोवती दिसतो तो मेहेन.'

शेवटच्या वाक्यात 'डावी-उजवीकडे' न लिहिता तुमच्या फोटोत जी बाजू आहे तीच लिहा, आणि फोटो आरशासारखा उलटा झालेला नाही ना ते आधी बघा. चित्रलिपीतली माणसं आणि पक्षी ओळ जिथे सुरू होते तिकडे तोंड करून असतात, पण परलोकाच्या ग्रंथांत पुष्कळदा लिपी उलट्या दिशेने लिहिलेली असते, त्यामुळे एका पक्ष्यावरून ठरवू नका, त्याच भिंतीचा दुसऱ्या कोणी काढलेला फोटो शेजारी ठेवून बघा.